सातवा छर्रा

लाडलेसाब मुलाण्यानं सोललेला ससा परातीत ठेवला, पण परातीची कड काही सोडली नाही. सत्यभामेनं परात आपल्याकडं ओढली तरी त्याचा अंगठा तिथंच. तिनं वर पाहिलं. म्हातारा तिच्याकडं बघतच नव्हता. कडुनिंबाखाली बाजेवर बसलेल्या जवानाच्या बुटांवर त्याची नजर होती.

"वैनी," तो ओठ न हलवता बोलला, "कातड्याला भोकं सात हायत."

"सात?"

"दोन छर्रे निघाले. माझ्या कनवटीला हायत. बाकीचे आत." मग त्यानं जवानाला ऐकू जाईल असा आवाज चढवला. "कातडं म्या नेतो, रिवाजाप्रमाणं. मीठ बेतानं घाला."

अंगठा सुटला. म्हातारा काठी टेकत निघून गेला आणि सत्यभामा परातीतल्या त्या लालसर, लांबुडक्या अंगाकडं बघत उभी राहिली. सातातून दोन गेले, उरले पाच. ज्वारीच्या दाण्याएवढे शिशाचे पाच दाणे ह्या मांसात कुठंतरी होते, आणि त्यातला एक जरी अमीनसाहेबाच्या दाताखाली आला तरी बलभीम संपला.

सकाळी ओढ्यावर बलभीमाची आणि अमीनसाहेबाची गाठ पडली, तिथूनच हे सगळं सुरू झालं होतं. पोलीस ठाण्याचा हा अमीन आठ जवान घेऊन आला होता तो बंदुकीच्या शोधात. बार्शीकडच्या हद्दीवरून एक ठासणीची बंदूक गावात आली आहे, अशी खबर त्याला लागली होती. सरकारनं मुलखातल्या बंदुका केव्हाच जमा करून घेतल्या होत्या, पाटलाची परवान्याचीसुद्धा. फाल्गुनात शेजारच्या गावात अशीच एक सापडली. ज्याच्या घरात सापडली तो माणूस अजून परतला नव्हता आणि त्याच्या घरावर आता छप्पर नव्हतं.

खबर खरी होती. बंदूक बलभीमानंच आणली होती आणि तीन दिवस कडब्याच्या गंजीत दडवून ठेवली होती. ठेवली होती तर ठेवायची. पण ती उडते की नाही हे बघायला हा शहाणा दिवस उगवायच्या आत माळावर गेला, आणि नेमका ससा आडवा आला. बंदूक झकास उडाली. परतल्यावर ती गंजीत सारून, तडफडणारा ससा घोंगड्यात गुंडाळून तो मुलाण्याकडं निघाला, तर ओढ्यात घोडी पाणी पीत होती.

"घोंगड्यात काय आहे?" अमीनानं विचारलं.

"ससा, सरकार. फाशात घावला."

अमीनानं वाकून नुसते कान पाहिले. "जिंदा आहे? वा! आज दुपारचा खाना याचाच. रस्सा."

असा तो ससा हलाल व्हायला मुलाण्याकडं गेला आणि शिजायला सत्यभामेकडं आला. पाहुणा सरकारी असला की त्याची सरबराई शिवलिंगप्पा पाटलाकडं असायची, पण पाटलाचं घर लिंगायताचं. त्या उंबऱ्याच्या आत अंड्याचं टरफल कधी गेलं नव्हतं. म्हणून मटण खाणारा अधिकारी आला की धान्य, तेल-मीठ पाटलाचं आणि चूल सत्यभामेची, हा गावाचा जुना शिरस्ता. तीही ते घरात शिजवायची नाही. अंगणात तीन दगडांची चूल मांडायची, गोठ्यात टांगलेलं मटणाचं पातेलं काढायची, आणि काम झालं की राखेनं घासून पुन्हा टांगायची. नवरा पटकीत गेल्यापासून, आठ वर्षं, तिनं स्वतः तोंडात मटणाचा घास घातला नव्हता.

ती लग्न होऊन आली तेव्हा बलभीम सहा वर्षांचा होता. सासू नव्हती. त्याच्या डोक्यातल्या उवा तिनं काढल्या होत्या, त्याला देवी आल्या तेव्हा कडुनिंबाच्या पाल्यावर तिनंच निजवलं होतं. दीर नुसता म्हणायला, पोरच ते तिचं. आज सकाळी जवानानं त्याला चावडीवर न्यायला दंडाला धरलं तेव्हा तो जाता जाता एवढंच पुटपुटला होता, "वैनी, कडब्यात हाय ती. आन् ससा फाशातला न्हाय." आत्ता तो गावातल्या सगळ्या तरण्या पोरांबरोबर चावडीपुढं उन्हात उकिडवा बसला होता. सत्यभामेला त्याचा असा राग आला होता की समोर असता तर तिनं त्याला फुकणीनं बडवला असता. आणि तेवढीच भीतीही वाटत होती.

अमीन स्वतः तिच्या अंगणात येऊन गेला होता. पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा माणूस. त्यानं गोठा पाहिला, गंजीकडं पाहिलं, जवानाला बाजेवर बसवलं. "खाना होईपर्यंत उठायचं नाही. नजर हातावर." दिवस वाईट होते. परक्या गावात शिजलेलं अन्न अधिकारी जपून खात. बोलताना तो पान चघळत होता आणि ते पान उजव्या गालातून डावीकडं एकदाही गेलं नव्हतं. डावा गाल सुजलेला होता.

सत्यभामेनं विळा सशाच्या मांडीला लावला आणि तशीच थांबली.

रस्सा करायचा म्हणजे हाडासकट फोडी करायच्या. फोडीच्या पोटात छर्रा राहिला तर तो कुणाला दिसणार? कच्च्या मांसात बोटं घालून चाचपावं तर बाजेवरचे डोळे हातावर. तिनं विळा खाली ठेवला. तिला आईची आठवण झाली. माहेरी रात्रीचा ससा उरला की आई दुसऱ्या दिवशी तो हाडावरून काढून त्याच्या रेषा रेषा सुट्या करायची, कांदा-कैरी घालून त्याची कोशिंबीर कालवायची आणि शेतावर न्यायची. रेषा रेषा सुट्या करायच्या म्हणजे प्रत्येक रेषेवरून बोट फिरायचं.

तिनं अख्खा ससा दोन तुकडे करून पातेल्यात घातला. हळद, मीठ, ठेचलेलं आलं, वर पाणी. जाळ पुढं सारला.

तेवढ्यात कुंपणापाशी शिवलिंगप्पा पाटील आला. उपरणं नाकाला लावलेलं, तोंड पलीकडं.

"सत्यभामे, झालं का? साहेब इचारायलेत."

"ससा जून हाय, पाटील. येळ लागंल. आन् रस्सा न्हाय करत म्या."

पाटलानं उपरणं खाली घेतलं. "मग काय करतीस?"

"कोशिंबीर."

"मटनाची?" पाटलानं कपाळाला हात लावला. "शिव शिव! काकडीची ऐकली हुती, मुळ्याची ऐकली हुती. अगं त्यानं रस्सा सांगितलाय. अमीन हाय तो, जावाय न्हाय तुजा रुसाय-फुगायला."

"दाढ दुखतीया त्येंची. फोडी चावायच्या न्हाईत."

पाटील तिच्याकडं बघत राहिला. मग त्याची नजर हळूच गंजीकडं गेली आणि लगेच मागं आली. त्याला किती ठाऊक होतं ते त्याचं त्यालाच ठाऊक. "तुजं तू बग बाई," तो म्हणाला. "गाव माज्या गळ्यात हाय, एवढं ध्येनात ठेव." उपरणं पुन्हा नाकाला लागलं.

ससा शिजेपर्यंत सूर्य माथ्यावर आला. तोवर तिनं कांदा बारीक चिरला, कैरी किसली, काकडी कोचवून पिळून ठेवली. हिरव्या मिरच्या निखाऱ्यावर भाजून मिठाबरोबर रगडल्या. शेंगदाण्याचं कूट केलं. हे सगळं करताना हात आपोआप चालत होते आणि कान पलीकडच्या आळीत होते. जवान घरोघर फिरत होते. उतरंडी खाली येत होत्या, कुणाची तरी म्हैस हंबरत होती. प्रत्येक आवाज गंजीच्या जरा जवळ आलेला वाटत होता.

पातेलं उतरवून तिनं मटण परातीत काढलं. वाफ जायचीही वाट पाहिली नाही. बोटं भाजत होती, पण गरम मांस लवकर सुटतं.

येरमाळ्याला येडाई देवीच्या जत्रेत आमराईत चुन्याचे खडे वेचायला ती दर चैत्रात जायची. मातीतला नेमका चुन्याचा खडा बोटाला कळावा लागतो. हद्दीवरच्या धामधुमीनं यंदा ते चुकलं होतं. येडाई, यंदाचे खडे इथंच वेचते, तिनं मनात म्हटलं, आणि मांडीच्या मांसात अंगठा घातला.

पहिला तिथंच मिळाला. भोवती मांस काळपटलं होतं. पण मिळाल्यावर त्याचं करायचं काय, हा विचार तिनं केलाच नव्हता. खाली टाकावा तर दिसेल, चुलीत टाकावा तर जवान राख चाळायलाही कमी करणार नाही. जवान बघत होता. तिनं मटणाची एक रेष उचलली, छर्रा तिच्याआड धरला आणि चव बघावी तसा हात तोंडाला लावला. रेष ओठाआडून पुन्हा बोटात आली, छर्रा गालात गेला. जिथं मिश्री ठेवायची तिथंच.

दुसरा बरगडीला चिकटून होता. तिसरा खांद्यात. प्रत्येक वेळी हात तोंडाकडं जात होता.

"बाई," जवान बाजेवरून म्हणाला, "कितनी बार चव देखते?"

"मीठ बगत्ये."

"तीन बार?"

बाज करकरली. बूट जवळ आले, परातीपाशी थांबले. "हात दिखाव."

तिनं दोन्ही हात पुढं केले. पालथे, मग उताणे. हळदीनं पिवळे, बोटांची पेरं भाजून लाल. जवानानं वाकून पाहिलं. मग तो तिच्या तोंडाकडं बघू लागला.

"गाल में क्या है?"

"मिश्री," ती म्हणाली, आणि बाजूला तोंड करून थुंकली. सकाळी लावलेल्या मिश्रीचा काळा ओघळ होताच अजून. छर्रे तिनं जिभेखाली दाबून धरले होते. जवानानं तोंड वाकडं केलं आणि तो सावलीत परत गेला.

चौथा पाठीच्या कण्यालगत निघाला. त्यानंतर काही निघेना.

तिनं मानेचं मांस उकललं, पुढचे पाय उकलले, मागचे पुन्हा पाहिले. सगळ्या रेषा एका कडेला घेतल्या आणि चिमूट चिमूट करून दुसऱ्या कडेला टाकल्या. तांदूळ निवडावा तसं सगळं मटण दोनदा निवडून झालं. हाडं एकेक करून चाचपली. सातवा छर्रा नव्हता. नव्हता म्हणजे तिला सापडत नव्हता.

"चलो बाई, साब बुला रहे."

"कालवायचं हाय अजून."

"कालव ना जल्दी."

तिनं कांदा घातला, कैरी, काकडी, ठेचा, कूट, कोथिंबीर. करडईच्या तेलात मोहरी तडतडवून वर ओतली. कालवतानाही बोटं शोधत होती, आणि आता तर शेंगदाण्याच्या कुटातली प्रत्येक कणी बोटाला छर्रा वाटत होती. स्वतःच्या हातानं तिनं शोध अवघड करून ठेवला होता. कूट घालायला नको होतं. रडू आलं तिला, पण ते रडायला वेळ नव्हता. काशाच्या ताटात दोन भाकरी, मधोमध कोशिंबिरीची वाटी, कडेला मीठ. छर्रे काढून टाकायलाही फुरसत मिळाली नाही. जवान पुढं, ती मागं, आणि गालात चार छर्रे.

चावडीच्या ओट्यावर अमीन सतरंजीवर बसला होता, डाव्या गालावर रुमाल धरून. शेजारी पाटील, जरा अंतर राखून. खांबाला टेकून लाडलेसाब. खाली उन्हात पोरांची रांग, आणि रांगेत तिसरा बलभीम. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. ताट ठेवलं आणि मागं सरून उभी राहिली.

अमीनानं वाटीत पाहिलं. "हे काय? रस्सा बोललो होतो मी."

"ससा जून हुता, सरकार." छर्रे गालात धरून बोलताना शब्द जड येत होते. "फोडी तुमास्नी चावल्या नसत्या. दाढंला."

रुमाल गालावरून खाली आला. "दाढेचं कोण बोललं तुला?"

"दिसतंय की."

अमीनानं रुमाल मांडीवर ठेवला. मग पाटलाकडं वळून म्हणाला, "आमच्या अब्बांचे दात गेले तेव्हा अम्मी असंच मटण सोडवून द्यायची. बोटांनी. बावर्ची होता घरात, पण अब्बांना दुसऱ्या कोणाच्या हातचं चालायचं नाही." तो आता चांगला माणूस वाटत होता, आणि त्याचीच सत्यभामेला जास्त भीती वाटली. तेवढ्यात त्यानं वाटी तिच्याकडं सरकवली. "पहले तू खा."

"म्या खात न्हाय, सरकार. मालक गेल्यापासनं."

"आज खा."

तिनं मुठीएवढा घास उचलला, मधला. निदान ह्यात तरी सातवा असावा. आठ वर्षांनी ती चव जिभेवर आली आणि क्षणभर तिला नवऱ्याचा चेहरा आठवला, शेतातल्या बांधावर बसून जेवतानाचा. चावायचं होतं, पण गालातले चार दातांखाली येऊ द्यायचे नव्हते. सगळी चावडी तिच्या जबड्याकडं बघत होती. तिनं कसाबसा घास गिळला आणि घासाबरोबर काहीतरी गुळगुळीत घशाखाली गेलं. गालात जीभ फिरवली. तीन. घासात सातवा नव्हता, उलट चौथा पोटात गेला होता.

अमीन तिच्याकडं बघत थांबला. विष असतं तर कळायला जेवढा वेळ लागेल, तेवढा. मग त्यानं भाकरी मोडली आणि पहिला घास उजव्या गालात घातला.

"लाडलेसाब," तो चावता चावता म्हणाला, "फाशातला होता?"

"जित्ता हुता, सरकार. बिस्मिल्ला म्हणूनच सुरी फिरवली."

"मी ते नाही विचारलं."

खांबाला टेकलेला म्हातारा सरळ झाला. "कातडं दावू का आणून? मिठात घातलंय. गळ्याचा वळ बगा."

बलभीमाची मान झटकन वर आली आणि लगेच खाली गेली. अमीनानं नाक मुरडलं. "नक्को. जेवताना कातडं?" आणि पुढचा घास घेतला. कातडं म्हाताऱ्यानं सकाळीच उकिरड्यात खोल पुरलं होतं, हे सत्यभामेला नंतर कळलं. त्या क्षणी तिला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

अमीन भुकेला होता. घासामागून घास जात होते आणि सत्यभामा प्रत्येक घास मोजत होती. वाटी अर्धी झाली. कोशिंबीर त्याला आवडली होती हे दिसत होतं. पाटील दुसरीकडं बघत जपमाळ ओढत होता.

आणि अमीनाचा जबडा थांबला.

डोळे गच्च मिटले गेले. हात डाव्या गालावर गेला आणि तिथंच राहिला. कपाळावर घाम फुटला. चावडीवर कुणी हललं नाही. सत्यभामेच्या कानात नुसता भणभण आवाज येत होता. दाढेत कळ आली असेल, तिनं स्वतःला सांगितलं, कांदा झोंबला असेल, मिरची लागली असेल. देवा, मिरचीच असू दे.

बऱ्याच वेळानं अमीनानं डोळे उघडले. समोर पोरांची रांग होती. तो ती बघत राहिला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग रुमालानं तोंड पुसलं, पाण्याचा घोट घेतला आणि उरलेली कोशिंबीर सावकाश, सगळी, उजव्या बाजूनं चावून संपवली. वाटी ताटात उपडी घातली.

जमादार येऊन खालीच उभा राहिला होता. "साब, घरं सगळी पाहिली. काही नाही. कडब्याच्या गंज्या तेवढ्या राहिल्या. आठ आहेत."

अमीनानं डोळ्यांवर हात धरून आभाळाकडं पाहिलं. "ह्या उन्हात? नक्को." तो उठला. रिकामं ताट उचलायला सत्यभामा वाकली, तेव्हा त्याची विजार तिच्या हाताला लागेल इतका तो जवळ होता, पण तो पाटलाशी बोलत होता, आणि रांगेतल्या शेवटच्या पोरालाही ऐकू जाईल अशा आवाजात.

"पाटील, आज मला बंदूक मिळाली नाही. तसंच लिहीन. पण शुक्रवारी परत यावं लागेल, आणि तेव्हा माझ्याबरोबर दुसरे लोक असतील. ते गंजी उपसत नाहीत, काडी लावतात." तो थांबला, गालावर रुमाल धरला. "आणि त्यांच्या दाढा शाबूत आहेत. कोशिंबीर त्यांना चालणार नाही."

तिच्याकडं त्यानं शेवटपर्यंत पाहिलं नाही. घोडी ओढ्याच्या वाटेला लागली तेव्हा कुठं पाटलाच्या हातातली जपमाळ थांबली.

घरी येऊन तिनं ताट चुलीपाशी ठेवलं. मागोमाग बलभीम आला आणि दारातच उभा राहिला. आत यायचं धाडस त्याला होत नव्हतं.

"वैनी, घावले का सगळे?"

ती चुलीपाशी बसली, आणि बसल्या बसल्या तिनं उपडी वाटी उचलली.

ताटाच्या मधोमध छर्रा होता. पुसून स्वच्छ केलेला. ताटात दुसरं काही नव्हतं, मिठाचा कणसुद्धा नाही. तिनं तो उचलून उजेडात धरला. शिसं मऊ असतं. एका अंगानं तो चपटा झाला होता आणि त्यावर दाढेची खूण स्पष्ट उमटली होती.

बलभीम जवळ येऊन वाकून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. "म्हंजी... त्यास्नी कळलं?"

सत्यभामेनं गालातले तीन छर्रे ताटात थुंकले. ते काशावर टणटण वाजले. चावडीवरून येताना मुलाण्यानं सात भोकांचं बलभीमाच्या कानात घातलं होतं; तो पोरासारखा बोटानं मोजू लागला. "मुलाण्याकडं दोन. ह्ये तीन. ह्यो एक. सा." त्यानं वर पाहिलं. "आन् एक?"

"माज्या पोटात."

त्याला हसू येणार होतं, ते आलं नाही. सत्यभामेनं उठून त्याच्या थोबाडीत मारली, जोरात, भाजलेल्या हातानं, आणि मग त्याच हातानं त्याचं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरलं. बावीस वर्षांचा बाप्या हुंदके देत होता. तिलाही रडायला आता वेळ होता.

"वार कोंचा आज?" जरा वेळानं तिनं विचारलं.

"मंगळवार."

"मंग गंज उपस. अंधार पडला की ती घिऊन हद्दीपल्याड जायाचं. आन् म्या सांगावा धाडल्याबिगर ह्या गावात पाय ठिवायचा न्हाय. ससा दिसला तरी न्हाय."

तो डोळे पुसत परसाकडं गेला. कडब्याच्या पेंढ्या खाली पडल्याचा आवाज येऊ लागला. सत्यभामेनं वाटेच्या भाकरीसाठी पिठाचं मडकं ओढलं, पण हात पिठात घातला नाही. भिंतीतल्या देवळीकडं ती बघत राहिली. तिथं मसाल्याच्या पुड्या होत्या.

"वैनी, काय बगायलीस?" बलभीमानं परसातूनच हाक दिली.

"लवंग हुती की रं घरात," ती म्हणाली. "दाढंत धराया द्यायची सुचली न्हाय मला."